आजीव वर्गणीचे ओझे: नागपुरातील एका विरंगुळा केंद्राची दहा वर्षे

केंद्राची ओळख पटू नये म्हणून नाव, वस्ती आणि काही तपशील बदलले आहेत. रकमा सोयीसाठी पूर्णांकाजवळ आणल्या आहेत. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाल्यावर २०१९ च्या हिवाळ्यापासून या केंद्राच्या हिशेबाला हातभार लावत आले. त्यामुळे पुढचे बरेचसे डोळ्यांदेखत घडलेले आहे. त्याआधीचे जुन्या ताळेबंदांतून आणि इतिवृत्ताच्या वह्यांतून काढले आहे.

पार्श्वभूमी

रेल्वे, वीज मंडळ, वेकोली (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी), महालेखाकार कार्यालय, विद्यापीठ, अंबाझरीची आयुध निर्माणी. नागपुरात अशा ठिकाणी नोकऱ्या करून लोकांनी लेआउटमध्ये भूखंड घेतले, घरे बांधली आणि तिथेच निवृत्त झाले. मुले पुण्याला, हैदराबादला, पुढे परदेशी गेली. अशाच एका लेआउटमध्ये १९९८ साली बावीस जणांनी ज्येष्ठ नागरिकांचे मंडळ काढले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नोंदणी दुहेरी झाली: १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली. सार्वजनिक वापराचा एक भूखंड भाडेपट्ट्याने मिळाला. २००३ मध्ये आमदार निधी आणि देणग्या यांतून खाली एक सभागृह, दोन खोल्या आणि ओटा उभा राहिला.

सकाळी योग आणि हास्यक्लब, दुपारी वाचनालय आणि कॅरम, संध्याकाळी भजन, कधी व्याख्यान, वर्षातून एक सहल. कोजागिरीला मसाला दूध, एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. २०१२ पासून फिजिओथेरपीही सुरू झाली. यंत्रे एका देणगीदाराने दिली होती. भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी होती, आणि यंत्र चालवणाऱ्या डॉक्टर मुलीचा पगार मात्र केंद्राच्या डोक्यावर होता. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

पैसे चार वाटांनी येत. मुदत ठेवींचे व्याज, सभागृहाचे भाडे, देणग्या आणि आजीव सभासद वर्गणी. वर्गणी आधी १,००१ रुपये होती, २००८ पासून २,५०१ आणि २०१५ पासून ५,००१. एकदा भरली की जन्मभर काही द्यायचे नाही.

२०११ मध्ये एक मोठा निर्णय झाला. बावीस लाख रुपये खर्चून वरचा मजला बांधला गेला. त्या वेळच्या इतिवृत्तात चर्चा जेमतेम अर्धे पान आहे. एका सभासदाने विचारले होते, "लिफ्ट?" उत्तर लिहिले आहे: "पुढील टप्प्यात." तो टप्पा आला नाही. बांधकाम झाले तेव्हा बहुतेक सभासद साठीत होते. मी आले तेव्हा तीच माणसे सत्तरीच्या मधोमध पोचली होती. गुडघ्यांना जिना नको असे. वरचा मजला साखरपुडे, बारशी आणि वाढदिवसांना भाड्याने जायचा. तो सभासदांसाठी बांधला होता आणि सभासदच तिथे चढत नव्हते.

अडचण: शिल्लक दिसते, पण कशाची?

मी पहिल्यांदा पाच वर्षांची उत्पन्न-खर्च पत्रके समोर पसरली तेव्हा कोषाध्यक्ष काका म्हणाले, "मॅडम, दरवर्षी आधिक्य आहे. एकही वर्ष तूट नाही. मग तुम्ही आम्हाला कशाला घाबरवून राहिल्या?" काका महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या वहीत पैशाचाही फरक नसे. चहाच्या साखरेची पावतीसुद्धा क्रमांक घालून चिकटवलेली. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

पण दोन वर्षे शेजारी ठेवून पाहू.

२०१३-१४ मध्ये ठेवी तीस लाखांच्या होत्या. व्याज सुमारे नऊ टक्क्यांनी २ लाख ७० हजार आले. सभागृहाचे भाडे १ लाख ८० हजार, देणग्या ९० हजार, आजीव वर्गणी ७५ हजार. एकूण जमा ६ लाख १५ हजार, खर्च ५ लाख ४० हजार, आधिक्य ७५ हजार. आधिक्य आणि आजीव वर्गणी यांचा आकडा एकच आहे. म्हणजे त्या वर्षी नव्या सभासदांचा पैसा बाजूला ठेवला तरी केंद्र आपल्या पायावर उभे होते. निम्मा खर्च तर नुसत्या व्याजावर भागत होता.

२०१८-१९ मध्ये ठेवी चौतीस लाख झाल्या होत्या, पण व्याज सात टक्क्यांवर आल्याने हाती २ लाख ३८ हजारच पडले. भाडे ५ लाख २० हजार, देणग्या १ लाख १० हजार, आजीव वर्गणी २ लाख ७५ हजार. एकूण ११ लाख ४३ हजार. खर्च १० लाख ६० हजार. आधिक्य ८३ हजार, आधीच्यापेक्षा जास्तच. आता आजीव वर्गणी बाजूला काढा. १ लाख ९२ हजारांची तूट उरते. व्याजातून आता खर्चाचा पाचवा हिस्साच कसाबसा निघत होता.

आजीव वर्गणी मिळाली की ती त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरली जायची आणि त्याच वर्षी संपायची. देणारा माणूस मात्र पुढची वीस वर्षे येणार असायचा. ती रक्कम म्हणजे केंद्राने दिलेला शब्द होता. हिशेबात तो शब्द कमाई म्हणून लिहिला जात होता. २०१५ मध्ये वर्गणी वाढवून "सभासद वाढवा" मोहीम झाली, त्या मोहिमेचे सगळ्यांनी कौतुक केले. खरे पाहता तिथे पुढच्या वीस वर्षांची सेवा पाच हजारांत आगाऊ विकली जात होती.

हे मला आकड्यांत दाखवायचे होते, कारण काका आकड्यांची भाषा मानणारे. दाराशी सहीचे रजिस्टर होते. मी दोन महिने बसून त्यातल्या सह्या मोजल्या. दिवसाला सरासरी ११० माणसे, वर्षाला ३०० दिवस केंद्र उघडे, म्हणजे ३३,००० भेटी. १० लाख ६० हजारांना त्याने भागले की एका माणसाच्या एका दिवसाला ३२ रुपये. २००८ मध्ये २,५०१ रुपये भरलेले गृहस्थ वर्षातून दोनशे दिवस आले, तर त्यांच्यावर वर्षाला ६,४०० रुपये खर्च होत होते. त्यांनी जन्मभरासाठी दिलेली रक्कम पाच महिन्यांतच संपत होती.

काका बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "हे मी दहा वर्षांआधी करायला पाहिजे होतं." मला वाईट वाटले, कारण त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते. अंकेक्षणात, म्हणजे ऑडिटमध्ये, पावत्या तपासल्या जातात. एका माणसाचा एक दिवस कितीला पडतो, हा प्रश्न अंकेक्षणात येत नाही.

आणखी तीन गोष्टी त्याच सुमारास वर आल्या.

चौतीस लाखांपैकी चौदा लाख एकाच सहकारी बँकेत होते, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून. ज्येष्ठांना मिळणारे जादा व्याज व्यक्तीला मिळते, ज्येष्ठांच्या संस्थेला मिळत नाही, त्यामुळे या अर्ध्या टक्क्याचा मोह समजण्यासारखा होता. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. तेव्हा ठेवींचा विमा एका बँकेत एका ठेवीदारामागे एक लाखाचाच होता. तो पाच लाख झाला ४ फेब्रुवारी २०२० रोजी.

दुसरी गोष्ट, सभागृहाचे भाडे एकूण जमेच्या ४५ टक्के झाले होते. 'सर्वसाधारण सार्वजनिक उपयोग' या गटात मोडणाऱ्या संस्थेची व्यावसायिक स्वरूपाची जमा वीस टक्क्यांच्या वर गेली तर आयकरातील सूट धोक्यात येते. आमची संस्था त्या गटात धरली गेली असती का, यावर सीएंचे मत "वाद होऊ शकतो" असे होते. भूखंडाच्या भाडेपट्ट्यातील वापराची अट वेगळीच.

तिसरी, छत. पावसाळ्यात वरच्या मजल्याचे छत दोन ठिकाणी गळत होते. दुरुस्ती निधी नावाचे खाते ताळेबंदात नव्हतेच.

टाळेबंदीचे वर्ष

२०१९-२० ला वर्गणी आणि भाडे दोन्ही थोडे घसरले आणि पहिल्यांदाच कागदावर सत्तर हजारांची तूट आली. मग मार्च २०२० ची टाळेबंदी. ज्येष्ठांनी घरातच राहायचे, आणि आमचे केंद्र ज्येष्ठांचेच.

२०२०-२१ चे भाडे शून्य. आजीव सभासद दोन. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, जानेवारी २०१४ मध्ये आठ टक्के होता, तो मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर आला होता. ज्या ठेवी त्या काळात पिकल्या त्या साडेपाचच्या आत पुन्हा गुंतवाव्या लागल्या. व्याज १ लाख ९५ हजार. सभासदांच्या मुलांनी परगावाहून पाठवलेल्या मदतीमुळे देणग्या मात्र वाढून १ लाख ६० हजार झाल्या. एकूण जमा ३ लाख ६५ हजार, आणि दार बंद असूनही खर्च ५ लाख ८५ हजार.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. चार कर्मचारी: अर्धवेळ व्यवस्थापक, काळजीवाहू, सफाईच्या बाई आणि फिजिओथेरपीची डॉक्टर. जूनमध्ये फोनवरच कार्यकारिणीची बैठक झाली. एक मत असे की काम नाही तर पगार नाही, सगळीकडे तेच होऊन राहिले आहे. दुसरे मत अध्यक्ष काकूंचे. त्या म्हणाल्या, "सफाईच्या बाई माझ्या डोळ्यांसमोर बारा वर्षं आल्या. केंद्र उघडेल तेव्हा त्यांना तोंड कसं दाखवू?" शेवटी सगळ्यांना साठ टक्के पगार द्यायचा ठरला. डॉक्टर मुलीने स्वतःहून नाही म्हटले, आणि त्याऐवजी ती फोनवरून सभासदांना व्यायाम सांगत राहिली. आर्थिकदृष्ट्या हा निर्णय २ लाख २० हजारांच्या तुटीतला मोठा वाटेकरी होता. मला तो आजही बरोबर वाटतो. केंद्र उघडले त्या आठवड्यात चारही जणांपैकी कोणाला शोधायला जावे लागले नाही.

२०२१ चा मार्च-एप्रिल नागपूरने कसा काढला ते इथे लिहीत नाही. सभासदांच्या यादीतली बरीच नावे त्या दोन महिन्यांत कमी झाली.

समोरचे पर्याय

जुलै २०२१ मध्ये आम्ही सहा जण ओट्यावर अंतर ठेवून बसलो. छताच्या दुरुस्तीचा अंदाज हातात होता: साडेसहा लाख.

पहिला पर्याय ठेवी मोडण्याचा. त्याआधी ठेवींपैकी कायम निधी किती हे ठरवायला हवे होते. ताळेबंदात सगळे एकाच ओळीत होते. लोखंडी कपाटातून देणगीदारांची जुनी पत्रे काढली. ज्यांनी "ही रक्कम कायम निधीत ठेवावी, फक्त व्याज वापरावे" असे लिहून दिले होते त्यांची बेरीज सव्वीस लाख झाली. उरलेले आठ लाख सर्वसाधारण बचतीचे. म्हणजे हात लावता येईल असे आठच लाख, आणि त्यातून आधीच्या वर्षाची तूट वजा. ती पत्रे वाचताना खोली शांत झाली होती. एका काकूंनी नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीतले दहा हजार दिले होते, आणि खाली लिहिले होते, "यांना केंद्रातला कॅरम फार आवडायचा."

दुसरा पर्याय ठेवींवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेण्याचा. विश्वस्त संस्थेला कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. शिवाय फेडणार कशातून? हा विषय दहा मिनिटांत संपला.

तिसरा पर्याय सगळ्यांत मोहाचा होता. एका कोचिंग क्लासला वरचा मजला हवा होता. नऊ वर्षांचा करार, महिना पंचेचाळीस हजार, पाच लाख अनामत. वर्षाला ५ लाख ४० हजार, तेही न हलता. छत त्यांनीच दुरुस्त करून द्यायचे. सहापैकी चौघे याच्या बाजूने होते, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी त्या चौघांत मीही होते. अडचणी नंतर दिसल्या. तीन वर्षांपेक्षा मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते. भूखंडाच्या मूळ अटींचा प्रश्न होता. सगळ्यांत मोठी गोष्ट एका सभासदाने सांगितली, ते रेल्वेत गार्ड होते: "संध्याकाळी चार ते आठ दीडशे पोरं, दीडशे गाड्या. आमच्या काठ्या कुठून जातील?" कोचिंगची वेळ आणि केंद्राची वेळ एकच होती.

चौथा पर्याय एका मोठ्या सेवाभावी संस्थेत विलीन होण्याचा. बोलणी दोनदा झाली. त्यांना इमारत हवी होती, भजन आणि कॅरम नको होते.

पाचवा, फिजिओथेरपी बंद करण्याचा. वर्षाला १ लाख ८० हजार वाचले असते. पण रजिस्टर सांगत होते की दहातली चार माणसे त्यासाठीच येतात.

सहावा पर्याय कोणी उच्चारायला तयार नव्हते. ज्यांना "जन्मभर काही द्यावे लागणार नाही" असे सांगितले, त्यांच्याकडेच पुन्हा मागायचे.

सर्वसाधारण सभा

सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या रविवारी सभा झाली. आधी आठवडाभर आम्ही एक साधा कागद घरोघरी वाटला. त्यावर चार आकडे: एका दिवसाचा खर्च ३२ रुपये, ठेवींतला हात लावता येणारा भाग, छताचा खर्च, आणि आहे तसेच चालले तर किती महिने पुरेल. ताळेबंद जोडला होता, पण पहिल्या पानावर हे चारच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी कृती हीच.

सभेत राग होताच. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका उठले आणि २००९ ची पावती फडकवून म्हणाले, "यावर आजीव लिहिलं आहे. मी जिवंत आहे." टाळ्या पडल्या. त्यांचे म्हणणे कायद्याने आणि न्यायानेही बरोबर होते, म्हणून अध्यक्ष काकूंनी ते खोडले नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं सभासदत्व कोणी काढून घेत नाही. पैसे दिले नाही तरी तुम्ही उद्या सकाळी या, चहा मिळेल. आम्ही विनंती करून राहिलो."

यातूनच ठरावाचा मसुदा बदलला. कार्यकारिणीने 'वार्षिक शुल्क' लिहून आणले होते, सभेने ते 'वार्षिक सहभाग' केले: वर्षाला १,२०० रुपये, ऐच्छिक, न देणाऱ्याच्या हक्कात काही फरक नाही. आजीव सभासदत्व त्या दिवसापासून बंद. नवे सभासद फक्त वार्षिक, १,५०० रुपये.

आणखी एक गोष्ट सभेतून आली. एका काकूंनी विचारले, "ज्यांना झेपत नाही त्यांचं नाव फळ्यावर लागणार का?" यादी लावायचा विचार होता, तो तिथेच सोडला. सहभाग पाकिटातून किंवा थेट बँकेत. कोणी दिले, कोणी नाही, हे कोषाध्यक्ष आणि व्यवस्थापक या दोघांनाच ठाऊक. पेन्शन नसलेल्या, मुलांवर अवलंबून असलेल्या बायका केंद्रात पुष्कळ होत्या, आणि त्यांचा विचार आम्हा पेन्शनवाल्यांच्या डोक्यात आला नव्हता.

कोषाध्यक्ष काकांनी त्या सभेत राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. त्यांना थांबवण्यासाठी मी पुरेसा आग्रह केला नाही, याची खंत आहे.

केलेले बदल

ठेवी तीन बँकांत विभागल्या, सहकारी बँकेत पाच लाखांच्या आत ठेवल्या. कायम निधी, दुरुस्ती निधी आणि सर्वसाधारण निधी यांची ताळेबंदात वेगळी ओळ झाली. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या धर्मादाय संस्थांनाही आयकराची नोंदणी नव्याने करून घ्यायची होती. आमचा अर्ज राहून गेला होता. मुदत वाढत गेली म्हणून वाचलो. नाहीतर वरचे सगळे हिशेब निरर्थक ठरले असते.

छतासाठी वेगळे आवाहन केले. पाच लाख जमले, दीड लाख बचतीतून घातले. त्या वेळी एक गोष्ट ठामपणे पाळली: नावाची पाटी हवी असेल तर देणगीत त्या वस्तूच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कमही हवी. एक देणगीदार यामुळे मागे फिरले. दुसऱ्यांनी वॉटर कूलरसोबत देखभालीचेही पैसे दिले.

आणि दुपार. दहा ते चार सभागृह रिकामे असायचे. तिथे २०२२ च्या जूनपासून दिवसभर सांभाळ सुरू केला. विस्मरण झालेल्या किंवा एकटे ठेवता न येणाऱ्या वृद्धांसाठी, महिना सहा हजार, दोन मदतनीस बायका, दुपारचे जेवण. कल्पना माझी होती, आणि गणित माझेच चुकले. मला वाटले होते, ज्यांची मुले परगावी आहेत ती मुले पैसे पाठवतील. तसे झाले नाही. त्या घरांतली जोडपी एकमेकांना सांभाळत होती आणि आपले माणूस "पाळणाघरात" ठेवायला तयार नव्हती. सहा महिने फक्त तीन जण आले. तोटा महिना दहा हजारांच्या वर होता. जानेवारीत बंद करायची वेळ आली होती. मग चौथे, पाचवे कुटुंब आले ते वेगळ्याच ठिकाणाहून: नवरा-बायको दोघे नोकरीवर, सासूबाई घरी. केंद्राशी आधी काही संबंध नसलेली माणसे. त्यांनी इतरांना सांगितले. गरज होतीच, पण आम्ही ती चुकीच्या दारात शोधत होतो.

परिणाम

पहिल्या वर्षी ५९० सभासदांना विनंती केली, ३७२ जणांनी सहभाग दिला. पुढे तो आकडा चारशेच्या आसपास स्थिरावला. पावती फडकवणाऱ्या काकांनी पहिल्या वर्षी दिले नाहीत, दुसऱ्या वर्षी दिले, तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाने त्यांच्या नावाने दिले. एक आजी दर महिन्याला शंभराची नोट घेऊन येतात.

२०२३-२४ चा हिशेब असा. सहभाग ४ लाख ८० हजार, नवे वार्षिक सभासद ९० हजार, सभागृह २ लाख ६० हजार, व्याज २ लाख १० हजार, देणग्या १ लाख ५५ हजार. एकूण ११ लाख ९५ हजार. नेहमीचा खर्च १० लाख ७५ हजार आणि दुरुस्ती निधीत एक लाख. वीस हजार उरले. सांभाळ केंद्राची जमा ४ लाख ६० हजार, खर्च ४ लाख ३५ हजार. सगळे मिळून आधिक्य ४५ हजार.

२०१८-१९ च्या ८३ हजारांपेक्षा हा आकडा लहान दिसतो. पण यात उद्याची सेवा आज विकलेली नाही, आणि छतासाठी लाख रुपये बाजूला पडले आहेत. सभागृहाचे भाडे एकूण जमेच्या सोळा टक्क्यांच्या आसपास आले. भाड्याने देणे आता सभासदांच्या घरच्या कार्यांपुरतेच, त्यात सहस्रचंद्रदर्शनेच जास्त. सर्वसाधारण बचत मात्र आठ लाखांवरून अडीच लाखांवर आली आहे. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा असे ठरवले होते, त्याच्या निम्म्याच्याही आत आम्ही आहोत. केंद्र सावरले म्हणता येईल, सुरक्षित झाले असे म्हणणार नाही.

काय वेगळे करता आले असते

२०११ चे बावीस लाख. ते ठेवीत टाकले असते तर त्या काळच्या नऊ टक्क्यांनी वर्षाला दोन लाखांजवळ आले असते, असे आता सगळेच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. लोकांनी ते पैसे इमारतीसाठीच दिले होते, ठेवीसाठी दिले नसते. पण एक प्रश्न विचारायला हवा होता: आजचे सभासद पंधरा वर्षांनी किती वयाचे असतील? तो विचारला असता तर मजला चढवण्याऐवजी खालीच दोन खोल्या वाढल्या असत्या, रॅम्प झाला असता.

आजीव वर्गणी सुरुवातीपासून सगळी कायम निधीत टाकायला हवी होती. पुष्कळ मंडळे तसे करतात. पण तसे करूनही ५,००१ रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५० रुपयेच येतात, म्हणजे अकरा दिवसांचा खर्च. नव्या मंडळांनी आजीव सभासदत्व ठेवूच नये असे माझे मत आहे. ठेवायचेच तर रक्कम एका दिवसाच्या खर्चावरून काढावी, शेजारच्या मंडळाची किती आहे ते पाहून काढू नये.

सभा दोन वर्षे आधी घ्यायला हवी होती. डिसेंबर २०१९ मध्ये ३२ रुपयांचा कागद तयार होता. तो कार्यकारिणीत फिरला आणि "सभासद घाबरतील" म्हणून कपाटात गेला. कपाटात ठेवू देणाऱ्यांत मीही होते. नंतर कळले की सभासद कागदाने घाबरले नाहीत, त्यांना राग आला तो उशिरा सांगितल्याचा.

सांभाळ केंद्र सुरू करण्याआधी वस्तीतल्या पन्नास घरी जाऊन विचारायला हवे होते. दोन आठवड्यांचे काम होते. ते न केल्याने सहा महिन्यांत साठ हजारांच्या वर गेले.

कोचिंग क्लासचा निर्णय मात्र आजही उलगडलेला नाही. नाही म्हटले ते योग्य झाले असे मला वाटते. नवे कोषाध्यक्ष म्हणतात की तीन वर्षांच्या आतला, फक्त सकाळच्या वेळेचा करार मागून पाहायला हवा होता, आपण तो विचारलाच नाही. त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. वरचा मजला अजून महिन्यातले पंचवीस दिवस रिकामा असतो. लिफ्टचे दरपत्रक गेल्या महिन्यात आले आहे. या वेळी त्यासोबत पाच वर्षांच्या देखभालीचा आणि वाढीव वीजबिलाचा वेगळा कागद जोडलेला आहे, आणि तो पुढच्या सभेआधी घरोघरी जाणार आहे.